चतुर्थीचा कावळा

बघ, बघ, नीट बघ — उजेडात धर ते फडकं, दाराकडं ये जरा, ह्या कडब्याच्या खोलीत काय दिसनार तुला म्हातारपनी — आन् हुंगतीस काय बायना? चाळीस वर्सं गावची बाळंतपनं केलीस, माझी पाची लेकरं तुझ्याच हातची, आन् डोळ्यानं कळंना म्हनून नाक लावतीस व्हय? हां. गेरू हाय. गेरूच हाय तो, तुळशीच्या कट्ट्याला लावतेत तोच, पान्यात कालवला आन् फडकं बुडवलं. दोन वर्सं झाली, म्हैन्याच्या म्हैन्याला हेच करते. झालं? आलं ध्यानात? मंग आता तोंडाला पदर लावून हासू नको, हास मोकळी, हितं कोन ऐकतंय. भिताडापल्याड म्हशी हायेत आन् त्यायला आधीपासून सगळं ठावं हाय.

आत्याबाईंनी धाडलंय तुला. न्हाई, तू सांगू नको, मीच सांगते सासूबाई काय म्हनल्या ते — "बायने, थोरल्या सुनेला खरंच कावळा शिवलाय का तेवढं बघून ये, आन् नसंल शिवला तर म्हनावं, चार तांबे आंगावर घे आन् उभी ऱ्हा चुलीम्होरं, युसूफ वडगावचे पाव्हने दुपारला येतेत" — असंच ना? मोतीबिंदूनं डोळे गेले त्यांचे, पर जिभंला काई झालं न्हाई. सरस्वतीला बघायला येतेत पाव्हने. माझ्या जावंची लेक, भिवरेची, अकरावं लागलंय पोरीला. पंचवीस-तीस मानूस जेवायला, पुरनाचा सैपाक, सारा वसूल करनाऱ्या माली पाटलाचं घर, आन् घरची थोरली सून कडब्यात पाय लांब करून बसलेली! व्हय, लांब करून. घरात मामाजींम्होरं, पाटलांम्होरं पाय दुमडून दुमडून गुडघे गेले माझे, हितं तरी लांब करू दे की.

पर कळलं कसं त्यांना, हे सांगितलं का तुला? न्हाई ना? ऐक मंग, ऐकन्यासारखं हाय. परवा म्हनल्या वत्सलेपाशी — वत्सला म्हंजी धाकली जाऊ, तिनंच मला जसंच्या तसं आनून सांगितलं — म्हनल्या, "आपल्या केशरच्या कावळ्याला पंचांग वाचता येतंय." बघ! डोळ्यानं दिसत न्हाई, पर दोन वर्सं बोटं मोजीत होती म्हातारी. आन् खोटं काय बोलल्या? बाईचं आंग म्हनलं की ते एक-दोन दिस अलीकडं सरकतंच, कवा पलीकडं जातं, कवा ऐन लग्नात आडवं येतं, कवा सनाच्या दिवशी. आन् माझं? दर म्हैन्याला, चतुर्थी झाली की पंचमीला सकाळी, कोंबडा आरवायला आन् मला कावळा शिवायला. आमचे पाटील चतुर्थीला घोडीवर लिंबागनेशाला जातेत, सांजच्याला माघारी, चंद्र बघून उपास सोडायचा, संगट चार मानसं असतेतच, आन् मोदक माझ्याच हातचे लागतेत, वत्सलेचे तळताना फुटतेत. मंग ते सगळं उरकायचं, भांडी पालथी घालायची, आन् सकाळी उठून म्हनायचं, मी बाहेरची. कावून असं? तर कुनाचं अडू नये म्हनून! देवाचं व्हावं, पाटलाचं व्हावं, वत्सलेला लई जड जाऊ नये, आन् मंग बसावं आपन. लबाडी करायला निघाले तर ती बी सगळ्यांची सोय बघून केली मी. खऱ्या कावळ्याला कुठं कुनाची सोय कळते गं? एकदा तरी ऐन चतुर्थीला बसायला पायजे होतं, मोदकाचं पीठ तसंच परातीत टाकून. चार शिव्या बसल्या असत्या, पर खरं वाटलं असतं. चांगली सून ऱ्हायले म्हनून सापडले, बायना. वाईट असते तर जनमभर कुनाला पत्ता लागला नसता.

न्हाई, दुखत-खुपत काई न्हाई. पोटात गोळा बी न्हाई, दाबून बघायचं तर बघ. बंद झालंय. संपलं ते. पंचेचाळिशीला संपतं कुनाचं, माझं तिच्या आधीच संपलं. कवा म्हनजे — मानमोडीच्या तापाची साथ आली त्या सालापासून. तू गेलतीस ना तवा घरोघर? मंग तुला काय सांगायचं. दसऱ्याच्या आधी आली आन् दिवाळीला निघाली, मधल्या दिसात आमच्या घरात एकवीस मानूस पडलं होतं. एकवीस. वाड्यात उभं म्हनून कोन? मी आन् गोठ्यातलं जनावर. कुनाला काढा, कुनाला पेज, कुनाची घान काढायची, कुनाला कूस बदलून द्यायची. आधी भिवरा गेली, मंग तिचा मालक, मंग दोन गडी. आन् मंग माझा सुग्रीव. एकोनिसावं होतं. थोरला माझा, तूच नाळ कापलीस त्याची, पायाळू आलता आन् तू म्हनलीस, ह्यो लई चालनार. चालला की. नऊ कोस गेलता हकिमाला आनायला, आन् आल्यावर पडला तो उठलाच न्हाई. मी चुलीपाशी होते. पाटील आले दारात — त्यांना बी ताप, दाराला धरून उभे — आन् म्हनले, "सुग्रीव गेला." आन् मी काय म्हनले, ठावं हाय का? म्हनले, "थांबा. पेज उतू जातीय."

पेज उतू जातीय, म्हनले मी. हे मी कुनाला सांगितलं न्हाई आजवर. पाटलांनी ऐकलं होतं, त्यांनी बी पुन्ना काढलं न्हाई कवा. मी पेज उतरवली, सोळा वाट्या भरल्या, एकेकाच्या तोंडाला लावली, आन् मंग गेले लेकरापाशी. तवर त्याचं आंग थंड. आता तू म्हनशील, कामाच्या घाईत म्हनलं असंल, तोंडातनं गेलं असंल. असंल. पर आयीच्या तोंडातनं गेलं ना.

रडायला बी सवड न्हाई. सुतकाचं म्हनशील तर सुतकात बी खायला लागतंच की तापातल्या मानसाला. आन् सातव्या दिवशी कावळा शिवला मला. खरा कावळा, ती शेवटची बारी. आत्याबाई म्हनल्या, "बाहेर हो." उभी चूल टाकून हितं येऊन बसले. वत्सला तापातनं उठलीच होती, भिताडाला धरून तिनं चूल पेटवली, आन् — तुला सांगते बायना — चूल पेटली. माझ्याबिगर पेटली! लोकं जगली. कुनी मेलं न्हाई त्या तीन दिसात. हितं ह्या पेंढ्यांवर पडून मी पैल्यांदा रडले सुग्रीवला. कुनी म्हनलं न्हाई उठ, कुनी म्हनलं न्हाई लेकरं उपाशी हायेत, कारन शिवायचंच न्हाई ना मला! चवथ्या दिवशी न्हाऊन घरात गेले तर सगळं होतं तसंच होतं, पर मी आख्खी होते. आधी पाय एकीकडं, हात एकीकडं, डोकं तिसरीकडं — आन् आता एका जागी सगळं. तुला हासू येतंय? येऊ दे. त्यावाचून दुसरं सांगता येत न्हाई मला.

मंग पुढच्या म्हैन्याला मी वाट बघायले. बाईमानसानं कावळ्याची वाट बघायची, ऐकलंस कवा? म्हैना गेला, दोन गेले, तीन गेले. काई न्हाई. आन् घरात कामाला तर पार न्हाई — भिवरेची दोन लेकरं, माझी ऱ्हायलेली, वरून दुसऱ्या साली पाऊस न्हाई, दाराला मानूस भाकर मागायला. हात कापायले माझे. पीठ मळताना कापायचे, भाकर थापताना कापायचे, कुनी हाक मारली की हातातलं भांडं पडायचं — हाक कसली, तर "वैनी, मीठ कुठं हाय." आत्याबाईंनी भगत आनला, त्यानं लिंबू उतरवला. कसला लिंबू आन् काय! भूत नव्हतं गं माझ्या आंगात. माझ्या आंगात सगळं घर शिरलं होतं, ते कोन उतरवनार?

आन् एक दिवस सरस्वती चुलीपाशी आली. नववं लागलं होतं तिला, बिन-आयीची पोर. म्हनली, "थोरली आई, मला गरम भाकर दे, गार नको." एवढंच. दुसरं काई म्हनली न्हाई ती. माझ्या हातात फुकनी होती लोखंडाची, जाळ फुकायची — फेकून मारली. कपाळ फुटलं पोरीचं. भळाभळा रगत, आन् ती रडली बी न्हाई, नुसती माझ्याकडं बघत ऱ्हायली, गार भाकर हातात घेऊन. मी हळद दाबली, मांडीवर घेतलं, सगळं केलं. पर मला माझं भ्याव वाटलं, बायना. आज कपाळ फुटलं, उद्या डोळा. परवा लेकरू चुलीत ढकलंन मी, असं वाटायलं. त्या रातीला चतुर्थी होती, चंद्र बघून मानसं जेवली, आन् सकाळी मी उठले, आत्याबाईम्होरं उभी ऱ्हायले आन् तोंडातनं गेलं — मला कावळा शिवला. खोटं बोलले. आन् हितं येऊन बसले. ती खूण अजून हाय पोरीच्या कपाळाला. आज पाव्हने इचारतील, हे काय लागलं म्हनून, आन् घरातली मानसं सांगतील, पडली उंबऱ्याला. सगळ्यांनी तसंच सांगितलंय आजवर. पोरीनं सुद्धा.

तर आता तू मला सांग, ह्यात चूक काय झाली माझी? जोशीबुवाला इचार की. बाहेरची असून घरात वावरली तर पाप, त्याला ऋषीपंचमी करा, प्राश्चित्त घ्या, सगळं लिवलंय. पर घरात वावरायचं असून बाहेर बसली, त्याला कोनत्या पोथीत पाप लिवलंय? काढून दाखवा म्हनावं! शुद्ध असून इटाळ पाळला मी, उलटं जास्तीचं पुन्य व्हायला पायजे माझ्या नावावर. तालुक्याच्या कचेरीतला चपराशी बी रजेचा अर्ज देतो आन् त्याला मंजूर व्हतो. बैलाला पोळा हाय. जात्याला सुद्धा सनाच्या दिवशी हळदीकुकू लावून उभं ठिवतेत. बाईला काय? बाईला कावळा. तो बी देवानं न्यायला, तर मी माझा पाळला. कुनाचं काय नेलं गं मी?

आन् तू उंबऱ्यापल्याडनं उठून गेलीस की मी हितं काय करते, असं वाटत असंल तुला. काई करत न्हाई. आत्याबाई पैल्या पैल्यांदा डाळ निवडायला धाडायच्या, लसून सोलायला धाडायच्या, की बसल्या बसल्या व्हईल म्हनून. मी म्हनले, माझा हात लागलेलं देवाला चालत न्हाई आन् तुमच्या डाळीला चालतंय व्हय? बंद झालं धाडनं. पैल्या दिवशी तर बसवत बी न्हाई नीट. घरातनं आवाज येतेत ना, ते ओढतेत. दूध तापल्याचा वास आला की मी उठलेच. लेकरू रडलं की उठलेच. भांडं पडलं, कोन शिंकलं, आडावर रहाट वाजला — उठले, की ध्यानात येतं, आगं बस, तू बाहेरची. बसते. पुन्ना उठते. दुपारपर्यंत असं पंचवीस बारी व्हतं. मंग हळूहळू काय व्हतं की आवाज ओढायचे थांबतेत. दूध उतू गेलं तर उतू जातं, वास येतो, जातो. पेज का असंना. लेकरू रडतं, कुनीतरी उचलतं, गप व्हतं. दुसऱ्या दिवशी मला म्हशीचं रवंथ ऐकू येतं, घरात पंचवीस वर्सं ऱ्हाते पर कवा ऐकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझा माझा श्वास ऐकू येतो. येतो, जातो. बस एवढंच. सुग्रीव येतो डोळ्याम्होरं, त्याला सांगते, थांब म्हनले होते मी, पर तुला न्हाई म्हनले रे, पेजंला म्हनले.  तो बसतो जरा वेळ. आन् चवथ्या दिवशी डोक्यावरनं पानी घेतलं की हात बघते असा म्होरं धरून. हालत न्हाई. सरळ. त्या हातानं मंग सत्तावीस दिस भाकरी थापते, सगळ्यांच्या थापते, गरम देते सरस्वतीला. दोन वर्सात हात उगारला न्हाई कुना लेकरावर. इचार घरात.

पर काल बसले तर हे हात असे कापत होते, बघ. आज जरा कमी. आज दुसरा दिवस. आजच मला ओढून चुलीम्होरं न्यायचं हाय त्यांना. आन् आज उठले ना बायना, तर ही खोली गेली. कायमची गेली. पुढच्या म्हैन्याला कोन बसू देईल? म्हनतील, थोरलीचं संपलंय आता, ऋषीपंचमीचं उद्यापन करून टाका, बामन जेवू घाला, बाई मोकळी झाली. मोकळी! मोकळी म्हंजी तीनशे साठ दिवस चुलीपाशी.

म्हनून म्हनते, जा आन् सांग आत्याबाईंना, खरंय, शिवलाय कावळा, मी डोळ्यानं बघितलं. तू सांगितलंस की त्या गप ऱ्हातील. गावात तुझा सबूद चालतो ह्या बाबतीत. काय? — आगं, एवढं एक खोटं बोलायला काय जातंय तुझं? — कुनाला कळतंय? — कळलं तर? कळलं तर काय व्हईल, चार शिव्या — बरं. बरं. बस. बस म्हनले ना, लगीच उभी कावून ऱ्हातीस. तुला न्हाई कळायचं हे, तुला वाटतंय थोरल्या घरच्या बाईची थेरं हायेत. आगं, कुनी शिवू नका म्हनलं की किती बरं वाटतं जीवाला, हे तुला —

काय म्हनलीस?

न्हाई, म्हन की मोठ्यानं.

हां.

खरं हाय तुझं. तुला बारमाही हाय ते, न शिवनं. मला तीन दिसासाठी गेरू कालवावा लागतो आन् तुला कुनी न मागता जनमाचं दिलंय. आन् तुला त्यात सुख लागलं न्हाई. कसं लागंल? मी तीन दिसानं न्हाऊन घरात जाते, तू कुठं जातीस? घान काढायला मातूर तू, नाळ कापायला तू, तवा हात चालतो तुझा, आन् लेकरू कोरडं झालं की चल, उंबऱ्याच्या बाहेर. दोन वर्सं ह्या मागल्या बोळीच्या दाराशी येऊन बसतीस तू, मी हितं, तू उंबऱ्यापल्याड, आन् आत यायला सांगितलं न्हाई मी. आज आलीस आत, ते बी तपासायला धाडलं म्हनून. बोलत कोन होतं दोन वर्सं? मीच. माझा सुग्रीव, माझे हात, माझी चूल. तुझं — बायना, तुझं कोन गेलतं गं मानमोडीत?

दोघी?

दोघी लेकी. एकाच दिवशी? आन् तू — दुसऱ्या दिवशी सकाळी बाळंतपनाला गेलतीस? कुनाच्या घरी? — न्हाई, नको सांगू. नांदूरघाटच्या वाटंवर म्हनतीस म्हंजी माझ्या नंदंच्याच घरी. आमच्यातूनच निरोप आलता तुला. मीच धाडला होता गडी, बायना, तापातनं उठलेला एक धाडला आन् म्हनले, बायनाला म्हनावं असशील तशी नीघ. असशील तशी. आन् तू निघालीस. तुला कुनी म्हनलं न्हाई की बस जरा. तुला बसायला कडब्याची खोली सुद्धा न्हाई.

थांब. एक करता येतं. दे हात. तुझा हात माझ्या हातात दे, अशीच अंगनात जाऊ दोघी, सगळ्यांदेखत तुला धरते मी. मंग बघू, मला चुलीपाशी कोन नेतंय ते! पाव्हने दारात आन् थोरली सून शिवलेली — घे म्हनावं आता. दे ना हात. मागं कावून घेतलास? — मला काय भ्याव न्हाई. मी घागरभर पानी घेईन आन् सुटंन.

आन् तू सुटनार न्हाईस. तुला चावडीवर बसवतील. व्हय, खरं हाय. बरं केलंस मागं घेतलास. बघ म्हंजी, खोटं बोलायचं तर ते तुझ्या तोंडानं, बंड करायचं तर ते तुझ्या हातानं. केशरबाई मातूर शहानी.

ऐक — हाका मारतेत. आत्याबाईच हायेत. "बायने, बाळंतीन व्हायलीय का तिथं कोन, एवढा येळ?" ऐकलंस, अजून जीभ बघ कशी हाय. तू बोलू नको. उठू बी नको. तू काई बघितलं न्हाई, तू काई सांगितलं न्हाई. सर जरा, मला दारापाशी येऊ दे. घरातनं दिसत न्हाई हितलं, पर ऐकू सगळं जातं. 

— आत्याबाई! ओ आत्याबाई! बायनाला कावून हाका मारता, मला इचारा. मी केशर बोलतेय! मला कावळा शिवला न्हाई! — न्हाई शिवला! दोन वर्साच्या वर झालं, बंद झालाय माझा! — तरी मी बसलेय! कावळ्यानं बसवलं न्हाई, माझी मी बसलेय! पुरन वत्सलेला वाटू द्या, येतंय तिला, तुमी भिवू नका! आन् सरस्वतीचं कपाळ कुकवानं झाकू नका! पाव्हन्यांनी इचारलं तर सांगा, थोरल्या आयीनं फुकनी मारली म्हनून! पडली म्हनून सांगू नका! — परवा सकाळी न्हाऊन येते मी! आन् पुढच्या म्हैन्याला पुन्ना बसनार हाय, चतुर्थी बघून न्हाई, मला वाटंल तवा!

ऐक.

ऐकलंस? मुसळ थांबलं. वत्सला मिरच्या कुटत होती, थांबली. पाटलांचा खोकला बी थांबला. पंचवीस वर्सात हे घर एवढं गप झालेलं मी ऐकलं न्हाई. आता येतील, न्हाई येतील. येऊ दे. हितं हाय मी.

जा तू. अंगनातनं नको, मागल्या बोळीनं जा, आत्ता तुझ्यावरच राग काढतील. आन् बायना — पुढल्या बारीला येशील तवा उंबऱ्यापल्याड बसू नको, हितं ये, पेंढ्यांवर. तुझ्या लेकींची नावं बी मला ठावं न्हाईत. तू बोल, मी गप बसंन.

आता न्हाई, आता नको. जा, दार लोटून घे. आज माझा दुसराच दिवस हाय.